ज्यांच्या नावाचा आपला रस्ता : कै. ना. म. जोशी

लोअर परळच्या बाजूने जाणाऱ्या मोठ्या रस्त्याचे नाव ना. म. जोशी मार्ग. जुनी माणसे त्याला अजून डिलाईल रोडच म्हणतात. भाजीला जाताना, मुलांना शाळेत सोडताना, बसची वाट पाहताना आपण ती पाटी रोज वाचतो. पण हे जोशी कोण, असे मुलाने विचारले तर आपल्यापैकी किती जणींना उत्तर देता येईल? म्हणून मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी या थोर पुरुषाची माहिती वाचून आणि जाणत्यांना विचारून येथे लिहीत आहे. भगिनींनी गोड मानून घ्यावी.

नारायण मल्हार जोशी यांचा जन्म ५ जून १८७९ रोजी गोरेगाव येथे झाला. हे गोरेगाव मुंबईचे नव्हे. हे तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातले, माणगावजवळचे गाव. पुढील शिक्षण पुण्याला झाले आणि १९०१ साली डेक्कन कॉलेजातून ते पदवीधर झाले. त्यानंतर सुमारे आठ वर्षे त्यांनी शाळामास्तरकी केली. त्या काळी पदवीधर माणसाला सरकारी नोकरी मिळणे कठीण नव्हते. चार पैसे गाठीला बांधून सुखाने संसार करता आला असता. पण १९०९ साली ते नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले. या समाजाच्या सभासदाने आपले सर्व आयुष्य देशकार्याला वाहायचे आणि थोडक्या वेतनात गुजराण करायची, असा नियम होता.

समाजाच्या कामासाठी ते मुंबईला आले आणि गिरणगावात रमले. १९११ साली त्यांनी सर नारायण चंदावरकर आदी मंडळींच्या साहाय्याने सोशल सर्व्हिस लीग ही संस्था स्थापन केली. परळचे दामोदर नाट्यगृह आपल्याला ठाऊक आहे. ते याच लीगचे. आपल्या घरच्या कितीतरी वडीलधाऱ्यांनी तेथे कामगारांची नाटके पाहिली असतील. पण लीगचे काम सुरू झाले ते रात्रीच्या शाळा, फिरती वाचनालये, दवाखाने आणि सहकारी पतपेढ्या यांपासून. दिवसभर साच्यापुढे उभा राहिलेला मजूर रात्री पाटी घेऊन बसे. पठाणाच्या व्याजात बुडालेल्या कुटुंबाला पतपेढीतून थोडे कर्ज मिळे.

या कामातून जोशींना गिरणगावातली घरे आतून दिसली. दहा बाय बाराच्या खोलीत दोन दोन बिऱ्हाडे, सार्वजनिक नळ, आणि पहाटेच्या भोंग्याबरोबर बाहेर पडणारी बाई. १९११ च्या कायद्याने कापडगिरणीतील पुरुषाचे काम बारा तासांवर आणले होते. त्याआधी तेवढाही आळा नव्हता. बायका बहुतेक वायंडिंग आणि रिळाच्या खात्यात असत, आणि त्यांना कामावर ठेवणे व काढणे नायकिणीच्या हाती असे. तान्हे मूल घरी ठेवून जायचे तर ते रडू नये, झोपून राहावे म्हणून त्याला बाळगोळी देत. या बाळगोळीत अफू असे. आज हे वाचून अंगावर काटा येतो. पण त्या आईचा दोष किती आणि तिला घरी राहू न देणाऱ्या व्यवस्थेचा किती, याचा विचार केला पाहिजे. १९२१ साली मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे साडेसहाशेहून अधिक तान्ही मुले दगावल्याची नोंद आहे. पुष्कळ बायका बाळंतपणाला गावी जात, त्यामुळे जन्म शहरात कमी नोंदले जात आणि हा आकडा थोडा फुगलेला असणार, असे जाणकार म्हणतात. तरीही व्हायचा तो अर्थ होतोच.

आता एक प्रश्न असा, की गिरणी मुंबईची, मजूर कोकण-घाटावरचे, मग त्यांचे तास ठरवायला परदेशात परिषद कशाला? हे समजले म्हणजे जोशींचे मोठेपण समजते. मुंबईच्या गिरण्यांत निघणारे सूत गाठी बांधून बोटीने चीनला जाई आणि तेथे मागावर चढे. त्याच बाजारात जपानचे सूत येई, आणि इंग्लंडमधल्या मँचेस्टरचे कापड तर जगभर जाई. येथे तास कमी करा म्हटले, की आमचे मालक म्हणत, जपान आम्हाला बुडवील. इंग्लंडात तास कमी झाले, की तेथले मालक मुंबईकडे बोट दाखवत. १८८१ साली हिंदुस्थानात कारखान्यांचा पहिला कायदा झाला, त्यामागेही मँचेस्टरच्या मालकांचा रेटा होता. त्यांना आपल्या मजुरांचा कळवळा नव्हता, त्यांना मुंबईची स्पर्धा नको होती. आपल्या मजुरांची खरी बाजू मांडली ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी. त्यांच्या खटपटीने १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली. पण तासांचे दुखणे राहिलेच. दोन शेजारणींनी पापड लाटायला घ्यावेत आणि एकीने दर पाडला की दुसरीलाही पाडावा लागावा, तसे हे देशादेशांत चालले होते. त्यावर उपाय एकच, सर्व देशांनी मिळून एक रेघ आखायची आणि तिच्याखाली कोणी जायचे नाही.

पहिले महायुद्ध संपल्यावर १९१९ च्या तहात ही गोष्ट मान्य झाली आणि आंतरराष्ट्रीय मजूर संघटना निघाली. हिंदुस्थान पारतंत्र्यात होता, तरी तो आरंभापासून तिचा सभासद झाला. या संघटनेची मांडणी मोठी शहाणपणाची आहे. प्रत्येक देशाचे चार प्रतिनिधी, त्यांत दोन सरकारचे, एक मालकांचा आणि एक कामगारांचा. म्हणजे कामगाराचा माणूस आपल्याच सरकारविरुद्ध मत देऊ शकतो.

पहिली परिषद १९१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात अमेरिकेत वॉशिंग्टन येथे भरली. सरकारतर्फे सर लुई कर्शॉ आणि अतुल चतर्जी, मालकांतर्फे अलेक्झांडर मरे आणि कामगारांतर्फे ना. म. जोशी गेले. त्यांचे सल्लागार म्हणून मद्रासचे बी. पी. वाडिया होते. जोशींना सरकारने नेमले होते, कामगारांनी निवडले नव्हते. त्यावरून येथे पुष्कळ नाराजी झाली. ती नाराजी वाया गेली नाही. आपला माणूस आपण निवडायचा तर आपली देशव्यापी संस्था हवी, या विचाराला जोर आला आणि ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेस, म्हणजे आयटक, स्थापन झाली. जोशी स्वतः तिच्या उभारणीत होते आणि पुढे १९२५ ते १९२९ तिचे सरचिटणीस होते.

वॉशिंग्टनच्या परिषदेत सहा करार झाले. कामाचे तास, बेकारी, बाळंतपण, स्त्रियांचे रात्रकाम, मुलांचे किमान वय आणि अल्पवयीनांचे रात्रकाम असे ते सहा विषय. त्यांतले दोन तर केवळ आपल्या बायकांचे. आणि तरी परिषदेत मत देणाऱ्या प्रतिनिधींमध्ये एकही स्त्री नव्हती. काही देशांनी सल्लागार म्हणून स्त्रिया आणल्या होत्या, तेवढ्यांनाच बोलता आले. त्यांत इंग्लंडच्या कामगारांच्या बाजूने आलेल्या मार्गारेट बाँडफिल्ड होत्या. हिंदुस्थानातील मुलांना बारा वर्षांखाली कारखान्यात घेऊ नये, ही सूचना त्यांनी मांडली. आपल्या सरकारच्या प्रतिनिधींना ही घाई वाटली, पण परिषदेने ती मान्य केली. तोवर आपल्याकडे नऊ वर्षांचे पोर गिरणीत जाऊ शकत होते.

तासांच्या बाबतीत इतर देशांना आठवड्याला ४८ तास ठरले, जपानला ५७ आणि हिंदुस्थानला ६०. हा कसला न्याय, असे वाचताना मनात येते. पण बारा तासांच्या दिवसापुढे साठ तासांचा आठवडा म्हणजे मोठीच उसंत होती. १९२० च्या आरंभी मुंबईत मोठा संप झाला आणि मालकांनी दहा तासांचा दिवस कबूल केला. १९२१ साली हिंदुस्थानने तासांच्या कराराला मान्यता दिली, आणि १९२२ मध्ये कायदा बदलून आठवड्याला साठ तास आणि मुलांचे वय बारा असे ठरले. १९३४ च्या कायद्याने ५४ आणि १९४६ साली ४८ तास झाले. वॉशिंग्टनची रेघ आपल्या गिरणीच्या दरवाजापर्यंत पोचायला सत्तावीस वर्षे लागली.

येथेच जोशींच्या आयुष्याचे खरे काम आहे असे मला वाटते. करार परदेशात होतो, पण तो आपोआप कोणाच्या घरी येत नाही. कोणीतरी तो आपल्या कायदेमंडळात न्यावा लागतो, मांडावा लागतो, हरला तर पुन्हा मांडावा लागतो. १९२१ पासून १९४७ पर्यंत जोशी कामगारांच्या वतीने मध्यवर्ती कायदेमंडळात बसले. तेथे त्यांच्या बाजूला मते थोडी. मद्रासच्या एका गिरणीतील तंट्यात वर सांगितलेल्या वाडियांवर कोर्टाचा मनाई हुकूम आला, तेव्हा युनियन चालवणे हाच गुन्हा ठरेल की काय अशी भीती पडली. १९२१ साली जोशींनी युनियनला कायद्याचे संरक्षण द्यावे असा ठराव आणला, आणि १९२६ साली ट्रेड युनियन कायदा झाला. कामावर अपघात झाला तर भरपाई देण्याचा कायदा १९२३ साली झाला, तेव्हाही ते कामगारांच्या बाजूने सभागृहात होते.

बाळंतपणाचा विषय मात्र आपण जरा निवांत पाहू, कारण तो आपला आहे. वॉशिंग्टनच्या करारात असे होते, की बाळंत झालेल्या बाईला सहा आठवडे कामावर घेऊ नये, त्याआधीही सहा आठवडे तिला रजेचा हक्क असावा, तिच्या व मुलाच्या पोषणापुरते पैसे मिळावेत, आणि कामावर परतल्यावर मुलाला पाजण्यासाठी दिवसातून दोनदा अर्धा तास सुटी असावी. हे पैसे सरकारी तिजोरीतून किंवा विम्यातून द्यावेत, असेही त्यात होते. हिंदुस्थान सरकारने यावर आधी चौकशी करू म्हटले. मुंबई सरकारने एका डॉक्टर बाईंना गिरण्यांतील स्त्रियांची स्थिती पाहण्यास नेमले, आणि बाळगोळीसारख्या गोष्टी सरकारी कागदावर आल्या. पण कायदा काही आला नाही.

तेव्हा १९२४ साली जोशींनी स्वतःच बाळंतपणाच्या रजेचे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात आणले. कारखाने, खाणी आणि आसामचे चहामळे येथील स्त्रियांसाठी ते होते. सभागृहाने ते फेटाळले. एक पुरुष बाळंतिणीसाठी पैसे मागत होता, आणि त्या सभागृहात एकही स्त्री बसलेली नव्हती. विधेयक पडले, तरी विषय पडला नाही. मुंबई प्रांताच्या कायदेमंडळात असवले यांनी तसेच विधेयक आणले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ साली त्याला जोरदार पाठिंबा दिला, आणि १९२९ मध्ये मुंबईचा कायदा झाला. सात आठवडे आणि मुंबईसारख्या शहरात रोज आठ आणे. आपल्या देशातला हा असा पहिला कायदा होय.

यात एक उणीव राहिली. पैसे सरकारने किंवा विम्याने द्यावेत असे वॉशिंग्टनला ठरले होते, पण मुंबईत तो भार एकट्या मालकावर टाकला. मग काही मालकांनी काय करावे? बाईला दिवस गेलेले कळले की तिला कामावरून कमी करावे, किंवा लग्न झालेली तरुण बाई घेऊच नये. पुढे गिरण्यांत बायकांची संख्या घटत गेली, त्याच्या कारणांत हेही एक आहे. कायद्याचा एक टाका सुटला तर सबंध शिवण कशी उसवते, ते येथे दिसते. विम्यातून पैसे देण्याची सोय १९४८ च्या कामगार राज्य विमा कायद्याने झाली. सर्व देशासाठी बाळंतपणाचा कायदा १९६१ साली बारा आठवड्यांचा झाला आणि २०१७ साली तो काळ सव्वीस आठवड्यांचा केला. आज आपल्या लेकीसुना कचेरीतून सहा महिन्यांची रजा घेतात. त्या रजेच्या मुळाशी १९२४ सालचे ते हरलेले विधेयक आहे, हे त्यांना सांगायला हवे.

जोशी सर्वांचे लाडके होते असे मुळीच नाही. १९२८ साली गिरणगावात सहा महिने संप चालला. त्या संपाच्या संयुक्त समितीत ते कम्युनिस्ट पुढाऱ्यांबरोबर बसले. पण १९२९ साली नागपूरला, पंडित जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या अधिवेशनात फूट पडली. सरकारने कामगारांच्या स्थितीचा विचार करण्यास नेमलेल्या व्हिटले कमिशनवर बहिष्कार घालावा आणि जिनिव्हाच्या मजूर संघटनेशी संबंध ठेवू नये, असे जहाल गटाचे म्हणणे होते. परकी सरकार आणि मालक ज्या टेबलाशी बसतात तेथे कामगाराला काय मिळणार, असा त्यांचा सवाल होता, आणि तो अगदीच चुकीचा म्हणता येत नाही. जोशी त्या कमिशनचे सभासद होते. जेथे कामगाराची बाजू मांडता येईल ती जागा सोडायची नाही, असे त्यांचे धोरण होते. ते आयटकमधून बाहेर पडले, त्यांच्यावर मवाळ म्हणून टीका झाली, पण त्यांनी काम सोडले नाही. जिनिव्हाला परिषदांना ते पुन्हा पुन्हा गेले आणि संघटनेच्या कार्यकारी मंडळावरही बसले. पुढे दोन्ही गट एक झाले आणि १९४० ते १९४८ ते पुन्हा आयटकचे सरचिटणीस झाले. ३० मे १९५५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

आता त्यांच्या नावाच्या रस्त्यावर गिरणीचा भोंगा वाजत नाही. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि त्या जागी काचेच्या इमारती आणि मोठी दुकाने आली. त्या दुकानांत लटकणारे सदरे कोठून येतात? सूत एका देशातले, कापड दुसऱ्या, शिलाई तिसऱ्या, आणि नाव चौथ्या देशातल्या कंपनीचे. २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळली. तिच्यात शिलाईचे कारखाने होते. अकराशेहून अधिक माणसे मेली, त्यांत बहुतेक तरुण बायका. भिंतींना तडे गेलेले आदल्या दिवशी दिसले होते, तरी त्यांना कामावर बोलावले. त्यांनी शिवलेले कपडे युरोप-अमेरिकेच्या नामांकित दुकानांत जात होते. त्यानंतर कामगार संघटनांनी मोठ्या कंपन्यांना एका बंधनकारक करारात बांधले, आणि कारखान्यांच्या इमारती तपासण्याची जबाबदारी माल घेणाऱ्यावरही आली. देशादेशांनी मिळून एक रेघ आखावी, हा १९१९ चा विचार तेथे पुन्हा उपयोगी पडला.

आपल्या चाळीतही काजबटण, मणी ओवणे, दोरे कापणे अशी कामे घरोघरी येतात. माल आणणारा एक, त्याच्या वर दुसरा, आणि खरा मालक आपल्याला कधी दिसत नाही. हिशोब तोंडी, दर तोंडी. अशा घरबसल्या कामासाठीही मजूर संघटनेने १९९६ साली करार केला. घरी काम करणारी बाई ही कामगारच आहे, तिला इतरांसारखी वागणूक मिळावी, असे त्यात म्हटले आहे. त्या करारासाठी आपल्या देशातील सेवा संघटनेच्या इला भट्ट यांनी फार खटपट केली होती. पण भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. बाळंतपणाच्या १९१९ च्या करारालाही आपण कधी सही केली नाही, तरी जोशींसारख्यांच्या चिकाटीने कायदा झालाच. घरकामाचेही तसे होऊ शकेल, पण त्यासाठी कोणीतरी तो विषय पुन्हा पुन्हा मांडत राहिले पाहिजे.

भगिनींनो, आपण कायदेमंडळात जाणार नाही. पण एक गोष्ट आपल्या हातची आहे. जिच्या घरी असे काम येते तिने एक वही ठेवावी. तारीख, किती नग आले, किती दिले, दर काय ठरला आणि पैसे कधी मिळाले, एवढे रोज लिहावे, आणि माल आणणाऱ्याची सही घ्यावी. जिला लिहिता येत नाही तिला शेजारणीने लिहून द्यावे. जोशींनी रात्रशाळा काढल्या त्या याचसाठी. अशा दहा वह्या मंडळात एकत्र आल्या तर दर पाडायला येणाऱ्याला दहा जणींशी बोलावे लागेल. येत्या ५ जूनला, त्यांच्या जन्मदिवशी, या वह्यांचा आरंभ करावा अशी माझी मंडळाला नम्र सूचना आहे.